तेवीस आणि तेवीस

नेकनूरच्या जुन्या चावडीच्या आवारात, जाळीच्या कुंपणात, पाऊस मोजायचा एक डबा उभा आहे. सरकारी कागदात त्याला पर्जन्यमापक म्हणतात. कोतवाल ज्ञानोबांनी एकोणतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला त्याचं नरसाळं काढलं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतलं, पात्र डोळ्यांसमोर धरून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. कोतवाल म्हणजे सरकारातला शेवटचा माणूस. दवंडी त्यानं द्यायची, साहेबांची खुर्ची त्यानं पुसायची आणि साहेबांचं डोकं फिरलं की बोलणीही त्यानंच खायची. पण पावसाच्या वहीकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नव्हती.

आता बीड जिल्ह्यात पाऊस मोजायचा म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस कोरडी बाटली बघून परत यायचं. ज्ञानोबा ते शून्यसुद्धा ठसठशीत लिहीत. लेक चैताली लहानपणी विचारायची, पाऊसच नाही तर लिहायचं कशाला? "जागा कोरी सोडली तर पाऊस आला न्हाई का कोतवाल आला न्हाई, हे कसं कळंल?" ते म्हणायचे.

त्या लेकीनं हेच काम धरलं. चैताली हवामान खात्यात लागली आणि अंदमानात गेली. तिथं मे महिन्यातच पावसाळा सुरू होतो. बेटाबेटांमधल्या बोटी सुटायच्या की थांबायच्या, मासेमारांनी समुद्रात जायचं की नाही, हे तिच्या कचेरीच्या अंदाजावर ठरतं. ज्ञानोबा निवृत्त झाले, चावडीजवळ खांबावर आपोआप पाऊस मोजणारं यंत्र आलं, जुन्या डब्याला कुणी विचारीना. तरी ते रोज जात, कारण मोजून झालं की लेकीला फोन करायचा असे.

"आमचं शून्य," ते म्हणत.

"आमचं चौऱ्याऐंशी," ती म्हणे. मग दोघं जपून राहायला सांगत आणि फोन ठेवत. सोळा वर्षांत बापलेकीचं बोलणं यापुढे फारसं गेलं नव्हतं. का, ते ज्ञानोबांना पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार नऊच्या सप्टेंबरात त्यांची बायको मनकर्णा काविळीनं गेली. चैताली तेव्हा बीडला वसतिगृहात अकरावीत होती. ती दुपारच्या एसटीनं पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. महिन्याभरानं तालुक्याच्या कार्यक्रमात एका साहेबानं ज्ञानोबांच्या खांद्यावर शाल टाकली आणि माईकवर सांगितलं, "घरात पत्नी शेवटचे श्वास घेत असताना हा माणूस साडेआठला पाऊस मोजायला हजर होता." टाळ्या पडल्या. साहेबांना एवढं कुणी सांगितलं देव जाणे. वहीत त्या दिवसाचा आकडा होता, बाकीचं त्यांनी स्वतःच रचलं असावं. चैताली दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही.

घरी आल्यावर तिनं एकदाच विचारलं, "बाबा, तुमी आईला टाकून गेलतात?"

ज्ञानोबांच्या हातात शाल तशीच होती. "गेलतो," ते म्हणाले.

यंदा जूनमध्ये तिनं त्यांच्या जुन्या वह्या मागितल्या. कचेरीत नवी पोरं कामाला आली होती. नोंद कशी ठेवायची ते शिकवायला तिला त्या दाखवायच्या होत्या. "एकोणतीस वर्षांत एक जागा कोरी न्हाई, बाबा. असं कुठं बघायला मिळत न्हाई," ती म्हणाली. बापावर रुसलेली लेक बापाच्या वहीचं कौतुक करत होती.

ते मोबाईलवर एकेका पानाचा फोटो काढून पाठवू लागले. दोन हजार नऊचा सप्टेंबर आला तेव्हा हात थांबला. ते पान दोन दिवस त्यांनी तसंच ठेवलं. गाळलं असतं तर वाळवी लागली म्हणता आलं असतं. पण आयुष्यात एकदा खोटं लिहिलं होतं, एकदा खोटं बोललं होतं. सदुसष्टाव्या वर्षी तिसऱ्यांदा त्यांच्यानं होईना. त्यांनी फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. अशा अवेळी ती कधी करत नसे.

"बाबा, सप्टेंबरची एकोणीस तारीख तेवीस मिलिमीटर. वीस तारीख पुन्हा तेवीस. लागोपाठ दोन दिवस पाऊस सारखाच कसा पडंल?"

"पडला न्हाई."

"मग?"

"एकोणीसला म्या गेलोच न्हाई. वीसला, तिला माती देऊन आल्यावर दुसऱ्या सकाळी गेलो. बाटलीत दोन दिवसांचं मिळून शेहेचाळीस भरलं. तसं लिवलं असतं तर मागच्या दिवशी आलो न्हाई हे दिसलं असतं. म्हणून निम्मं निम्मं केलं."

पलीकडे पत्र्यावर पडणारा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

"मग एकोणीसला साडेआठला तुमी कुठं होतात?"

"तिच्यापाशी. शेजारची छबुबाई दवाखान्यात न्यायला जीप बघायला सडकेला गेलती. घरात आमी दोघंच. तिनं माझं मनगट धरलं हुतं, ते सोडवून घ्यायचा जीव झाला न्हाई."

"मी इचारलं होतं तुमाला."

"व्हय."

"मग कावून खोटं बोललात?"

ज्ञानोबांनी खरं ते सांगितलं. "गेलो न्हाई म्हणलं असतं तर वही खोटी ठरली असती. माझ्यापाशी दुसरं होतं काय, बाळा? शाल घालून आणलं हुतं लोकांनी. तुला वाईट वाटंल, मग इसरशील, असं वाटलं."

ती रडत होती की नाही, ते पावसाच्या आवाजात कळेना. शेवटी तिनं विचारलं, "आई काय बोलली?"

"शुद्धीत नव्हती. चैतीचा डबा भरला का, म्हणली. म्या म्हणलं, भरला."

"बाबा," चैताली म्हणाली, "मला नेमणूक कुठं पाहिजे म्हणून खात्यानं इचारलं होतं. संभाजीनगर मिळत होतं. तुमच्यापासून सगळ्यात लांब कोणतं ते बघून मी हे बेट मागून घेतलं." आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी ज्ञानोबांनी जुनी वही उघडून दोन्ही तेवीस खोडले आणि समोर लिहिलं, दोन दिवसांचं मिळून शेहेचाळीस. मग चावडीत गेले. बाटली कोरडी होती. शून्य लिहून त्यांनी तिचा नंबर लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. ते कुंपणाशी फोन हातात धरून बसले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, ऊन चढलं.