रंध्याची रिकामी जागा

मानवतला माणिकराव पांचाळांच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक बाक आहे. त्याला पुढच्या बाजूनं बोटभर उतार आहे. बसणाऱ्याला ते कळत नाही. तो मधूनमधून मागं सरकत राहतो आणि दहा मिनिटांत काहीतरी काम आठवून उठतो. माणिकरावांनी आयुष्यात कुणाला उठा म्हटलं नाही. जे बोलायचं ते लाकडाकडून बोलून घ्यायचं, ही त्यांची रीत.

पण गेल्या वर्षी असं काही झालं की बाकानं भागेना.

त्यांची लेक राजेश्री बोरीला दिलेली आहे. तिचे सासरे दिनकरराव म्हणजे निवृत्त मास्तर. घराणं सुतारांचंच, पण त्यांनी हातात खडू धरला होता. निवृत्तीनंतर मात्र मोबाईलवर व्हिडिओ बघून ते रंधा मारायला शिकू लागले. एकदा मानवतला आले असताना त्यांनी माणिकरावांच्या वडिलांचा, सिताराम मिस्त्रींचा, शिसवी रंधा हातात घेतला, वजन बघितलं आणि "दोन दिवसांत आणून देतो" म्हणत पिशवीत घातला. त्याला चौदा महिने झाले.

काम अडलं नव्हतं. विजेवरचा रंधा दिवसभर बोंबलत होताच. पण चौकट तयार झाली की तिच्यावरून शेवटचा हात वडिलांच्या रंध्याचा फिरायचा, आणि चौदा महिन्यांत एकही चौकट माणिकरावांना पुरी झाल्यासारखी वाटली नव्हती.

मागायचा तर कसा? नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. माणिकराव तिथं चहासुद्धा अर्धाच पीत. तिथं जाऊन आपली वस्तू परत मागायची आणि उद्या त्यावरून राजेश्रीला कुणी एक शब्द बोललं, तर तो शब्द रंध्यापेक्षा जड.

"बाबा, मी इचारू का मामंजीला?" राजेश्रीनं फोनवर विचारलं.

"तू तोंड उघडायचं न्हाई."

"मग तुमी उघडा," शेजारी गहू निवडत बसलेल्या कमलबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली, आमी वाटच बघायलाव."

"मी कपाट करायलोय," माणिकराव आपल्या बायकोला म्हणाले. "इचारायचं ते कपाट इचारंल."

हत्यारांचं भिंतीवरचं कपाट. दोन दारं, पुस्तकासारखी उघडणारी, दारांच्या आतसुद्धा हत्यारं बसतील एवढी खोल. माणिकरावांनी सगळी हत्यारं फरशीवर मांडली आणि दोन दिवस ती इकडची तिकडं सरकवत बसले. करवती डाव्या दारात, पटाश्या उजव्या दारात, उंचीनुसार, शाळेच्या रांगेसारख्या. प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिल फिरवून, तीन तीनदा माप घेऊन, लाकडात त्याच्याच आकाराचा खळगा कोरला. मधोमध, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर येईल अशी जागा रंध्याची.

रंधा तर बोरीला. मग माणिकरावांनी डोळे मिटले, दोन्ही हात हवेत धरले आणि कमलबाईंना मधलं अंतर टेपनं मोजायला सांगितलं.

"हात हलायलेत तुमचे."

"हात न्हाई हलत. तुझा टेप हलतोय."

कपाट टांगायला त्यांनी दोन पट्ट्या तिरक्या चिरल्या. एक धार वर करून भिंतीत ठोकली, दुसरी उलटी, कपाटाच्या पाठीला. कपाट वरून सोडलं की एक पट्टी दुसरीत अडकते. जेवढं ओझं जास्त तेवढी पकड घट्ट.

"पडलं तर?" कमलबाईंनी विचारलं.

"लोंबकळून बघ."

"तुमीच लोंबकळा. मला अजून नातू बघायचाय."

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा असते. इवायांना, म्हणजे व्याही दिनकररावांना, खास बोलावणं गेलं. दोन बस बदलून दिनकरराव आले, सोबत राजेश्री. माणिकरावांनी कपाटाची दारं सावकाश उघडली. प्रत्येक हत्याराला हळदीकुंकू आणि झेंडूचं एक फूल. मधल्या रिकाम्या खळग्यालाही हळदीकुंकू. त्याला मात्र हार होता.

राजेश्रीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की घाबरली होती, ते कळलं नाही.

"काम झ्याक हाय, इवाई," दिनकरराव शेवटी म्हणाले आणि बाकावर बसले. चहा येईपर्यंत ते चारदा मागं सरकले. मग बस चुकेल म्हणून उठले.

"गेला तुमचा रंधा," दोघं गेल्यावर कमलबाई म्हणाल्या. "आता पोरगीबी येती का न्हाई बघा."

त्या संध्याकाळी माणिकराव जेवले नाहीत. लाकूड जास्तच मोठ्यानं बोललं होतं.

दसऱ्याला पहिल्या बसनं दिनकरराव पुन्हा हजर. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला रंधा काढला, त्यावर आपट्याचं पान ठेवलं आणि पुढं केला.

"घ्या, सोनं."

माणिकरावांनी रंधा खळग्यात ठेवला. तो आत गेला आणि हलला. एका बाजूला चांगली दोन बोटं फट राहिली.

माणिकरावांचं तोंड उतरलं. इवायानं दुसराच रंधा आणला की काय? आता हे तरी कसं विचारायचं? पाठमोरे उभे राहून त्यांनी हळूच रंध्याच्या मुठीवर अंगठा फिरवला. वडिलांच्या अंगठ्यानं झिजून तिथं एक खड्डा पडलेला होता. लहानपणी त्यात माणिकरावांचा अख्खा अंगठा हरवायचा. आज तो त्यात बरोबर बसला.

"त्योच हाय," मागून दिनकरराव म्हणाले. "बदलला न्हाई."

"मी कुठं काय म्हणलो?"

"तुमी कवा म्हणता?" दिनकरराव जवळ आले आणि त्यांनी फटीत दोन बोटं घालून बघितली. "आता ही दोन बोटं कुणाकडं राहिली म्हणायची? आमच्याकडं बाकी काय न्हाई, बरं का."

"ती माझ्याकडंच होती," माणिकराव म्हणाले. "आठ वर्षांचा असताना बघितलेला रंधा होता तेवढा. त्योच मापला."

कमलबाईंनी टेपचा विषय काढला नाही. हा त्यांचा मोठेपणा.

दिनकरराव बसायला वळले तसे माणिकराव आडवे आले, वाकले आणि त्यांनी बाकाच्या पुढच्या दोन्ही पायांखाली लाकडाची एकेक चकती सरकवली.

"हे काय?"

"बसा."

दिनकरराव बसले. सरकले नाहीत. मोबाईल काढून त्यांनी रंधा कसा धरावा हे माणिकरावांना दाखवायला सुरुवात केली, एकामागून एक व्हिडिओ लावत, दुपारच्या साडेचार वाजेपर्यंत. मधे जेवण झालं, तीनदा चहा झाला.

त्यांची बस सुटल्यावर माणिकराव दुकानात परत आले आणि वाकून दोन्ही चकत्या काढल्या. फेकल्या नाहीत. रंध्याशेजारच्या फटीत बसवून बघितल्या. बरोबर दोन बोटं भरली.