बूचकाकांचं खुराडं

बूचकाकांनी जन्मभर एकच काम केलं, लोकांच्या घरातल्या फटी बुजवल्या. खिडकीची चौकट भिंतीपासून सुटली किंवा दाराखालून वारा यायला लागला की त्यांना बोलावणं यायचं. ते मेणबत्ती पेटवून चौकटीच्या कडेकडेने फिरवत, आणि ज्योत जिथे हलेल तिथे बोट टेकवून म्हणत, "सापडला चोर!" चार-चार महिने थंडी ठाण मांडून बसते अशा त्या गावात या माणसाला काम कमी पडलं नाही. खरं नाव कधीच मागे पडलं आणि बूचकाका तेवढं उरलं. त्यांना स्वतःलाही ते आवडायचं.

परसातल्या नऊ कोंबड्या मात्र काकूंच्या. त्यांचं खुराडं काकूंनीच उभं केलेलं. मोडक्या कपाटाच्या फळ्या, कुणीतरी टाकून दिलेलं दार, छपराला जुना पत्रा. पत्र्याच्या खाली दोन्ही बाजूंना वीतभर फट, तिला जाळी ठोकलेली. काका येता-जाता त्या फटीकडे बघून तोंड वाकडं करत. "लोक म्हणतील, बूचकाकांच्या घरात भोक!" काकू हसायच्या आणि फटीला हात लावू द्यायच्या नाहीत.

थंडीच्या सुरुवातीलाच एका सकाळी काकू कोंबड्यांना कोमट पाणी न्यायला निघाल्या आणि गोठलेल्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर लेक त्यांना स्वतःच्या गावी घेऊन गेली. जाताना तिने वडिलांना दारातच गाठलं.

"थंडी सरेपर्यंत आई माझ्याकडे. पुढेही तिला उठवायला, बसवायला, वेळच्या वेळी गोळ्या द्यायला माणूस लागणार. तुम्हाला जमणार असेल तर आणून सोडते, नाहीतर राहू दे तिला तिकडेच. बाबा, खरं सांगा, जमेल?"

"न जमायला काय झालं?"

गाडीत आडव्या झालेल्या काकू आतूनच म्हणाल्या, "आधी माझ्या नऊ जणी सांभाळून दाखवा म्हणावं!"

सगळे हसले. काकांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. चाळीस वर्षांत बायकोशिवाय एक आठवडा काढला नव्हता या माणसाने. ती परत येणार की नाही हे आता नऊ कोंबड्यांवर आलं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी ते हात धुऊन खुराड्याच्या मागे लागले. दमडी खर्च करायची नाही हा बाणा. फ्रिजच्या दुकानामागे पडलेले थर्माकोलचे तुकडे आणले, ते आतून भिंतींना चिकटवले. त्यावर गोणपाट. खाली सुताराकडचा भुसा, चांगला पायाच्या घोट्यापर्यंत. दाराच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. आणि शेवटी स्टूल घेऊन त्यांनी ती वीतभर फट दोन्हीकडून बुजवली, चिंध्या कोंबून, वर फळी ठोकून. मग आत मेणबत्ती धरली. ज्योत ढिम्म हलली नाही. काकांची छाती दोन बोटं फुगली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"काय म्हणतात माझ्या पोरी?"

"मजेत. महालात राहतात आता."

"वरची फट उघडी आहे ना?"

काका क्षणभर थांबले. "हो गं, आहे."

"बुजवू नका हं. रात्रभर नऊ जणींचा श्वास, खाली त्यांची घाण, ती सगळी वाफ जायची कुठे?"

"कोंबडीचा श्वास तो केवढा!" काका म्हणाले आणि विषय बदलला.

त्यानंतर रोज फोन, रोज तोच प्रश्न, रोज तेच "हो गं". पहिल्या दिवशी जीभ जरा अडखळली होती. आठवड्याभरात तेवढंही राहिलं नाही.

मग सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर त्याच्या छोट्या खिडकीची काच आतून ओघळलेली दिसू लागली. काकांनी ती पुसली. पुढच्या आठवड्यात पत्र्याच्या खालच्या अंगाला पांढरा बर्फ धरला. इतकं बूच मारूनही गारठा आत शिरतोच कसा? चोर कुठून तरी येत होता. काकांनी फळ्यांचे सांधे पुन्हा तपासले, खिळ्यांची भोकं मेणाने भरली, दाराच्या कडीचं भोकसुद्धा सोडलं नाही. भुसा ओला लागत होता, त्यावर त्यांनी आणखी भुसा टाकला. दार उघडलं की नाकात काहीतरी चरचरायचं. कोंबड्या म्हटल्यावर वास येणारच, असं म्हणून ते पाणी ठेवून पटकन बाहेर पडत.

अंडी आधी निम्मी झाली, मग बंद झाली. कोंबड्या बसायच्या दांडीवरून उतरेनात. सगळ्यात वाईट म्हणजे त्या आवाज करेनात. एरवी काकांची चाहूल लागली की कलकलाट व्हायचा, आता नऊ जणी अंग फुगवून नुसत्या बघत बसायच्या. त्यांच्या तुऱ्यांची टोकं आधी राखेसारखी झाली, मग काळी. गारठ्याने गोठतायत, दुसरं काय! त्या दिवशी त्यांनी घरातली जुनी रजई फाडून तीही आतून ठोकली.

पहिली गेली ती लंगडी, काकूंची सगळ्यात लाडकी. सकाळी दांडीखाली पडलेली मिळाली. जमीन दगडासारखी कडक झालेली, कुदळ चालेना. काकांनी तिला खोक्यात घालून मागच्या शेडमध्ये ठेवलं.

"नऊच्या नऊ ठीक ना?" संध्याकाळी काकूंनी विचारलं.

"नऊच्या नऊ."

पाच दिवसांनी दोन गेल्या, एकाच सकाळी. मग आणखी एक. शेडमध्ये चार खोकी झाली आणि काकांची पाचावर धारण बसली. आपण जितकी काळजी घेतो तितकं बिघडत का जातंय, हे त्यांना कळेना. विचारावं तर ज्या एका माणसाला हे कळत होतं, त्याच माणसाशी ते महिनाभर खोटं बोलत होते. एकदा फोन हातात घेऊन परत ठेवला.

भुसा द्यायला आलेला सुतार खुराड्यात डोकावला आणि डोळे चोळत मागे सरला. "काका, हे काय करून ठेवलंय? डोळे जळतात की!"

"गारठा शिरतोय कुठून तरी."

"शिरायला जागा कुठे ठेवलीय तुम्ही? जरा आत बसून बघा. दार लावून."

काका हट्टालाच पेटले. वाकून आत शिरले, ओल्या भुशात मांडी घातली आणि दार ओढून घेतलं. पहिल्यांदा ऊब वाटली. मग घसा आवळला, डोळ्यांतून पाण्याची धार लागली. पत्र्यावरून गार थेंब मानेवर पडला, मग दुसरा. समोर दांडीवर उरलेल्या पाच जणी चोची उघड्या टाकून श्वास घेत होत्या, आणि त्यांच्या काळ्या तुऱ्यांवर तेच थेंब पडत होते. गारठ्याचा चोर कधी आलाच नव्हता. त्यांच्याच श्वासाचं पाणी वर साठत होतं आणि त्यांच्याच डोक्यावर गोठत होतं. काका बाहेर आले ते खोकत, रांगत. त्यांनी भिंतीला टेकवलेली पहार घेतली आणि वरच्या फळ्या उखडून काढल्या. रडत होते, पण डोळे आधीच वाहत असल्यामुळे सुताराला ते कळलं नाही.

तीन-चार दिवसांत भुसा कोरडा झाला. पाच जणी वाचल्या, तुरे मात्र झडले.

थंडी ओसरली. काकूंचा फोन आला तेव्हा आवाजात आनंद मावत नव्हता. "रविवारी येतेय हं मी. वरची फट उघडी आहे ना?"

"हो गं," काका म्हणाले. या वेळी ते खरं होतं. पण ते रोजच्यासारखंच निघालं, त्याच सुरात, तितक्याच सहज. त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. फट, थर्माकोल, शेडमधली चार खोकी, सगळं.

"लंगडी?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यात आधी."

"अहो, कोंबड्या मरतात. माझ्याही पहिल्या वर्षी मेल्याच होत्या." काकूंचा आवाज खाली गेला. "पण मी रोज विचारत होते आणि तुम्ही रोज हो म्हणत होता. मला तर एकदाही शंका आली नाही. आता मला पलंगावरून उठता येत नाही. गोळी कुठली दिली, डॉक्टर काय म्हणाले, हे मी तुम्हालाच विचारणार. आणि तुम्ही म्हणणार, हो गं."

"आता नाही बोलणार खोटं."

"हेही तुम्ही त्याच आवाजात सांगताय," काकू म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं होतं.

रविवारी गाडी आली. लेक एकटीच उतरली. तिच्या हातात आईने लिहून दिलेला कागद होता. वडिलांशी फार न बोलता तिने कपाट उघडलं आणि बॅगेत कपडे भरायला लागली. काका दारात उभे राहून बघत होते. आधी तिने चष्मा, कागदपत्रं आणि स्वेटर घेतले. मग वरच्या कप्प्यातले उन्हाळ्याचे सगळे कपडे काढले, आणि त्यांच्याखालचे पावसाळ्याचेही. बॅग जड झाली, म्हणून काकांनी ती स्वतः उचलून गाडीत ठेवली.