दिलावरचा हँडब्रेक

केजजवळच्या साखर कारखान्यात दिलावर फिटर होता. होता असंच म्हणायचं, कारण लागोपाठ पावसाळे कोरडे गेले, ऊस उरला नाही, गाळप बंद पडलं आणि सभासद एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. बाकीचे फिटर पुण्याकडे निघून गेले. दिलावर गावातच राहिला. त्याच्या बायकोचे, आमिनाबीचे, दोन्ही गुडघे कामातून गेले होते. तिला घेऊन परक्या गावात जिने चढायची त्याची तयारी नव्हती. पण रिकाम्या हातांना चैन पडेना, म्हणून त्यानं मोटार बांधायला घेतली.

लोक हसले. हसणारच की! भंगारातल्या जीपची चौकट, कोरड्या विहिरीवरून उचलून आणलेलं डिझेल इंजिन आणि बसायला एसटीचं मोडकं बाकडं. आमिनाबी तेवढी हसली नाही. तिला गेवराईला माहेरी जायचं होतं आणि वडापच्या जीपमधली कोंबाकोंबी तिच्या गुडघ्यांना सोसत नव्हती. तिची अट एकच होती.

"तुमी खाली उतरल्यावर गाडी जाग्यावर ऱ्हायली पायजे. मला उडी मारून पळता येत न्हाई."

झालं, हँडब्रेकनं दिलावरच्या डोक्याला भुंगा लावला. दोन वाटा होत्या. एक म्हणजे मागच्या दोन्ही चाकांपर्यंत केबली नेऊन तिथले ब्रेक ओढायचे. दुसरी, जुन्या जीपला असायची तशी: गिअरपेटीच्या मागं एकच ड्रम बसवायचा आणि चाकांना फिरवणारा दांडाच आवळून धरायचा. केबली धुळीनं जाम होतात, एक ताणते तर दुसरी सैल पडते, आणि आमिनाबीच्या हातानं त्या ओढल्याही गेल्या नसत्या. दांड्यावरचा ब्रेक मात्र हलक्या हातानं ओढला तरी गाडी खिळून राहायची. त्यानं तोच बसवला. गावच्या दूध सोसायटीपुढच्या चढावर गाडी नेली, लिव्हर आमिनाबीला ओढायला लावला आणि स्वतः खांदा लावून गाडी ढकलून बघितली. तसूभर हलली नाही.

"लई झ्याक केलंय तुमी," ती म्हणाली. कारखाना बंद पडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

माहेर मात्र लांबच राहिलं. सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव दारात येऊन उभे राहिले.

"दिलावरभाई, टँकरचं पानी मानसांनाच पुरंना. जनावरं मरायलीत. गाडीवर टाकी बसवा, दुभत्यांचं तरी भागंल."

नाही कसं म्हणायचं? कारखाना गेल्यावर गावाला तेवढा दुधाचाच आधार उरला होता. टाकी बसली. दिलावर रोज लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचा आणि शेजारी आमिनाबी बसायची. चढावर गाडी थांबली की तो उतरायचा आणि ती लिव्हर ओढायची. ते काम तिचं, आणि ती ते मोठ्या दिमाखात करायची.

सोसायटीत दूध मोजणारा मुंजाजी सवयीनं चाकामागं धोंडा लावायला धावायचा. दिलावरला ते झोंबायचं. एकदा त्यानं धोंडा पायानं उडवून लावला.

"धोंडा बैलगाडीला लावायचा बे. ही मोटार हाय. माझ्या हातचा ब्रेक हाय त्यात!"

"बरं बाबा, ऱ्हायलं," मुंजाजी म्हणाला. पुन्हा त्यानं धोंडा आणला नाही.

त्या दुष्काळात सगळ्या गावाला एक सवय लागली होती. रांजण असो नाहीतर पिंप, धार तुटली की एक बाजू उचलायची आणि तळचं पाणी काढून घ्यायचं. त्या दिवशी गाडी सोसायटीपुढच्या चढावर उभी होती, आमिनाबी लिव्हर ओढून गाडीतच बसली होती आणि दिलावर सोसायटीत अर्जुनरावांशी बोलत होता. टाकीची तोटी ठिबकायला लागली आणि एक म्हैस रिकामी बादली चाटत उभी होती. मुंजाजीला बघवेना. त्यानं गाडीतला जॅक काढला आणि मागचं एक चाक उचललं. टाकी कलली, पाणी आलं, आणि गाडीही मागं निघाली.

आमिनाबीनं ओढलेला लिव्हर दोन्ही हातांनी पुन्हा ओढला. काही उपयोग झाला नाही. गाडी जनावरांच्या हौदावर आदळून थांबली. आमिनाबीला खरचटलंही नाही, पण मुंजाजीचा पाय चाकाखाली चिरडला होता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तो गुडघ्यापासून काढावा लागला.

गाव बोलायला लागलं. बाईमाणूस ते, ब्रेक नीट ओढला नसेल. दिलावरला हे ऐकवेना. त्यानं सगळ्यांना सोसायटीच्या चढाखालच्या सपाटीवर बोलावलं, लिव्हर ओढला आणि चार गड्यांना गाडी ढकलायला लावली. हलली नाही. मग मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि एकट्यानं हात लावला. उचललेलं चाक उलटं फिरलं आणि गाडी वीतभर सरकली.

"ब्रेक दांड्याला हाय, चाकांना न्हाई. दोनी चाकं भुईवर हायती तवर खरं. एक उचललं की ते उलटं फिरतं आन् दुसरं मोकळं व्हतं, दांडा धरलेला असला तरी. मला हे ठावं होतं. पान्यासाठी गाडी उचलत्याल हे डोस्क्यात आलं न्हाई, आन् धोंडा मीच लाथाडला. चूक माझी हाय. तिची न्हाई."

सगळ्यांना पटलं. खाटेवर पडलेल्या मुंजाजीलाही पटलं. एकट्या आमिनाबीला पटलं नाही.

"तुमी माझ्यासाठी खोटं बोलताय," घरी आल्यावर ती म्हणाली.

"अगं, डोळ्यांनी बघितलंस न्हवं?"

"बघितलं की. गाडीकडनं तुमी काय पन करवून घ्याल. तुमच्या हातचं काम दगा द्यायचं न्हाई. मीच आदी नीट वढला न्हाई."

दिलावर तिच्यापुढं बसून ढसाढसा रडला. आपल्या हातांवर हिचा भरवसा असावा, एवढंच त्यानं जन्मभर मागितलं होतं. आता तो भरवसा काढून घ्यायला त्याच्याजवळ कुठलंच हत्यार नव्हतं. त्यानं गाडी मोडून भंगारात घातली. तेही तिला आपल्यामुळेच झालं असं वाटलं.

दर शुक्रवारी ती भिंतींना धरत धरत मुंजाजीच्या घरी जायची आणि उंबऱ्याशी बसून माफी मागायची.

"भाभी, दिलावरनं समदं सांगितलंय की," मुंजाजी म्हणायचा.

"ते तसंच सांगनार," ती म्हणायची, आणि डोळ्यांना पदर लावायची.