सातव्या तळ्याचा आकडा

बुरुलाई एजेच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक रोटी टांगलेली असायची. दर मे महिन्यात तिचा धाकटा भाऊ तोक्तोसून मेंढ्या घेऊन डोंगरातल्या कुरणाकडे निघाला की त्या रोटीचा एक घास तोडायचा. उरलेली ती जपून ठेवायची. सप्टेंबरात खाली उतरल्यावर त्यानेच ती संपवायची, असा आमच्याकडचा रिवाज. आधीची दोन मुलं गेली म्हणून आईने याचं नाव ठेवलं तोक्तोसून, म्हणजे ‘हा तरी राहू दे’.

एजे म्हणजे थोरली बहीण. बिश्केकच्या आमच्या ऑफिसात ती सगळ्यांचीच एजे होती. वय अठ्ठावन्न, जीभ कात्रीसारखी. हिमनद्यांच्या पायथ्याची अकरा तळी तिने बावीस वर्षं घोड्यावरून फिरून मोजली होती. कुठलं तळं कधी फुटेल हे सांगणारा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला होता, आर नावाच्या भाषेत. आमच्या कंपनीचा मशीन लर्निंगचा प्लॅटफॉर्म मात्र फक्त पायथन ही दुसरी भाषा जाणत होता. इशारे आता त्याच्यावरूनच जाणार होते.

“एजे, पायथनमध्ये लिहून द्या ना सगळं,” आमचा साहेब कुबात म्हणाला. “आर आता म्हाताऱ्यांची भाषा झाली.”

“मग मी कोण, सोळा वर्षांची? बावीस वर्षांचं काम या भांड्यातून त्या भांड्यात ओतताना एखादं तळं सांडलं, तर तू निस्तरणार आहेस का? त्यापेक्षा तुझ्या यंत्रालाच माझी भाषा शिकव.”

ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आरमध्ये मोजणी एकपासून सुरू होते, पायथनमध्ये शून्यापासून. म्हणजे एजेचं सातवं तळं यंत्राच्या हिशेबात सहा. म्हणून दोन्ही भाषांना जोडणाऱ्या भागात मी प्रत्येक आकड्यातून एक वजा केला. दहा वर्षांच्या जुन्या नोंदी चालवून पाहिल्या, सगळ्या तंतोतंत जुळल्या. वजाबाकीचं एजेला सांगितलं नाही. इतकी साधी गोष्ट काय सांगायची! अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, तो अतिशहाणा मीच.

काम संपवायच्या शेवटच्या दिवशी तिने तिच्या प्रोग्रॅमची नवी प्रत आणून दिली.

“बारीकसारीक सगळं बघितलंस ना रे सामात?”

“बघितलं, एजे.”

माझी सगळी तपासणी जुन्या प्रतीवर झाली होती. नवी मी उघडूनही पाहिली नाही.

जुलैत सलग नऊ दिवस ऊन भाजत होतं. दहाव्या दिवशी दुपारी पडद्यावर लाल ठिपका उमटला, सहावं तळं. सहाव्याच्या खोऱ्यातल्या लोकांना आपोआप इशारे गेले. कुबात टाळ्या पिटायला लागला.

एजे चहाचा वाडगा हातात घेऊन उभी होती. “सहावं? ते दोन वर्षांपूर्वीच चर खणून रिकामं केलंय. तिथे गुडघाभरही पाणी नाही.” मग ती माझ्याकडे वळली. “सामात, तू एक वजा केलास?”

“हो. करावाच लागतो ना.”

“मीही केला, नव्या प्रतीत. म्हटलं, या पोराच्या लक्षात राहील न राहील.”

दोनदा वजा होऊन साताचे पाच झाले होते, आणि यंत्राच्या हिशेबात पाच म्हणजे सहावं तळं. फुटणार होतं ते सातवं. त्याच्या खाली तोक्तोसूनचा तंबू होता.

तिने फोन लावला. तो हसतच बोलला, “एजे, आज गंमतच झालीय. नदी आटलीय! पोरं हातांनी मासे पकडतायत.”

वर पाणी अडलं की आधी नदी आटते, हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं.

“तोको, पोरांना आणि बायकोला घेऊन वर पळ. उजव्या चढावर. आत्ताच्या आत्ता!”

“बरं बरं. पण घोडी खाली बांधलीय.”

“मरू दे ती घोडी!”

“असं काय बोलतेस? बाबांची घोडी ती. ही पोरांना घेऊन निघतेय, मी आलोच सोडून.”

त्याने फोन बंद केला नाही. पोरांना हाका मारताना ऐकू आला, मग धापा, मग खूप वेळ कुत्र्याचं भुंकणं. शेवटी खडखडाट झाला आणि फोन तुटला. एजे तरीही “तोको, तोको” करत राहिली.

बायको आणि पोरं वाचली. सप्टेंबरात मी एजेकडे गेलो. जायला तोंड नव्हतं, तरी गेलो.

“चूक माझी होती,” मी म्हणालो.

“तुझी एक आणि माझी एक. तुला वाटलं म्हातारीला काय कळतंय, मला वाटलं पोराला काय कळतंय. विचारलं दोघांनीही नाही.”

तिने चहा ओतला. सोबत काही ठेवलं नाही. आमच्याकडे पाहुण्यापुढे रोटी नसणं म्हणजे अपमान. मी मान खाली घालून बसलो.

“रागावले नाहीये रे,” ती म्हणाली. “घरात एकच रोटी आहे, आणि ती तोकोची आहे.”