हिऱ्यानं खाल्लेली पाटी

माझ्या बहिणीच्या लग्नात व्याह्यांचं नाव त्यांच्याच बैलानं खाल्लं. बैल व्याह्यांचा होता, दोष माझा होता, आणि साठ वर्षं बोलणी खाल्ली माझ्या थोरल्या भावानं.

आमच्या घरात एकही लग्न या गोष्टीशिवाय पार पडत नाही. पंगत बसली की कोणीतरी सुरू करतोच, "आमच्या वामनमामाची खळ माहीत आहे का?" मग सगळे खो-खो हसतात आणि वामनदादा मान खाली घालून जिलबी मोडतो. मागच्या महिन्यात नागपुरातल्या बेसाच्या एका लॉनवर माझ्या भाच्यानं ही गोष्ट चक्क माईकवर सांगितली. माझ्या हातातला मठ्ठा रागानं डचमळून सदऱ्यावर सांडला. राग भाच्याचा नव्हता. त्याला बिचाऱ्याला मीच खोटी गोष्ट दिली होती, तो ती इमानानं पुढं चालवत होता. आता मी शहाऐंशीच्या भावासमोर ऐंशीचा झालो आहे. आणखी किती थांबायचं?

तर ऐका. आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत चार खड्डामाग, त्यांवर करवतीसारख्या दातेरी काठांची, करवतकाठी लुगडी निघत. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, पण आमच्या घरात राज्य बाबांचंच होतं. वामनदादा पंचविशीचा, आणि खड्ड्यात पाय सोडून बसून बसून त्याचे गुडघे पन्नाशीच्या माणसासारखे वाजायचे. त्याचं मन मात्र मागावर नव्हतं. त्याचं मन कात्रीत होतं.

दादा कागद कापायचा, आणि तो कापताना पाहणं हेच एक सुख होतं. घोटीव कागद तो पालथा घाली आणि अक्षर मागच्या बाजूनं, उलटं काढी, म्हणजे पेन्सिलीची एकही रेघ दर्शनी बाजूला दिसत नसे. बोरूचं टोक जितकं रुंद, त्याच्या पाचपट अक्षराची उंची. कात्री जागची हलू द्यायची नाही, फिरवायचा तो कागद. पट्टीच्या आठ घड्या घालून तो तिरकी टोकं छाटायचा आणि पट्टी उलगडली की आमच्या लुगड्याची करवत जशीच्या तशी हातभर लांब! (मी एकदा तसंच करून पाहिलं. उलगडल्यावर माझ्या पट्टीचे आठ तुकडे झाले.)

खळही तो स्वतः शिजवायचा. मैदा पाण्यात कालवून, मंद विस्तवावर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची, मलमलीतून गाळायची आणि वर चिमूटभर मोरचूद. मोरचूद निळी, कडू आणि विषारी. "मोरचूद पडली का झुरळ येत नाही, उंदीर येत नाही," असं दादा सांगायचा. बैलाचं नाव त्यानं घेतलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

आमच्या बहिणीचं, कुसुमचं लग्न उमरेडच्या मुलाशी ठरलं. नवऱ्या मुलाचे मामा नागपुरातच, सदरला त्यांचं पाट्या रंगवण्याचं दुकान. त्यांना एक अक्षर काढणारा माणूस हवा होता. दादानं भीत भीत बाबांपुढं विषय काढला. बाबांनी माग न थांबवता निकाल दिला.

"लग्नात मामाजी येतीन. त्यांनं तुले घेतलं तं जा. नाही तं खड्ड्यात बस, अन् पुन्हा हा विषय काढू नको."

दादानं पंधरा दिवस खपून स्वागताची पाटी केली. बांबूच्या चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड, त्यावर लावायला लाल घोटीव कागदाची अक्षरं, भोवती हिरवी करवत. मधोमध व्याह्यांचं नाव, 'श्रीमान कवडूजी'. अक्षरं इतकी देखणी की न चिकटवताही ती कापडावर बसल्यासारखी दिसत. लग्नाच्या सकाळी बाबांनी दादाला वऱ्हाड आणायला इतवारी स्टेशनला पिटाळलं. जाताना तो मला म्हणाला, "खळ करून चिकटवून ठेवशीन का? अन् पाटी वर टांग, दोन पुरुष उंच."

एवढंच काम. एकोणीस वर्षांच्या घोड्याला एवढंच काम!

मी भांग पाडत होतो. एक बाजू बसली की दुसरी उठे. तासाभरानं केस जागेवर आले तेव्हा मैदा शिजवायला वेळ उरला नव्हता. पण परसात एक भलं मोठं पातेलं दिसलं. मागावरच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला लावायची खळ! बाबांनी लेकीच्या लग्नालाही दोन माग चालू ठेवले होते, त्यामुळं ती ताजी होती. ज्वारीच्या पिठाची, आणि सूत मऊ राहावं म्हणून तिच्यात गोडं तेल. मी तांब्याभर काढून घेतली. अक्षरं लावली तर ती तेलावर घसरायला लागली. 'कवडूजी' हळूहळू 'श्रीमान'च्या पायाशी जाऊन बसले.

मग माझी बुद्धी चालली. चिकट काय असतं? गूळ! कोठीतून मूठभर गूळ आणून मी त्यात कुस्करला. मोरचूद कशाला, एका दिवसाचं तर काम. अक्षरं अशी बसली की नखानं निघेनात. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. ज्वारीचं पीठ, तेल आणि गूळ: मी स्वागताची पाटी केली नव्हती, पोळ्याच्या दिवशी बैलापुढं ठेवतात ते ताट वाढलं होतं. पण हे तेव्हा कळायला मी बैल तरी असायला हवा होतो. आणि पाटी वर टांगली तर तिच्याशेजारी उभा असलेला मी कोणाला दिसणार? म्हणून मी ती मांडवाच्या दाराशी, छातीच्या उंचीवर बांधली आणि बाजूला उभा राहिलो.

पहिले आले मामाजी, सायकलवरून. ते पाटीसमोर थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. करवतीवरून हवेतच बोट फिरवलं.

"अक्षरं कोणी कापली गा?"

"मी," मी म्हणालो.

एका अक्षराचा शब्द आहे. तोंडातून निघायला काहीच वेळ लागला नाही. मामाजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.

तेवढ्यात कवडूजींची दमणी, बैलांची हलकी गाडी, आली. बाकीचं वऱ्हाड उमरेडहून छोट्या रेल्वेनं येणार होतं, पण कवडूजींना आपली बैलजोडी नागपूरकरांना दाखवायची होती. वाटेत मुक्काम करून ते स्वतः जोडी हाकत आले. उजवीकडच्या बैलाचं नाव हिऱ्या, शिंगांना गोंडे, पाठीवर झूल, आणि सकाळपासून पोटात काही नाही. बाबा हार घेऊन व्याहीभेटीला पुढं झाले. कवडूजी उतरले. दोघांनी मिठी मारली. मिठी सुटेपर्यंत हिऱ्यानं मान लांब करून 'कवडूजी' चाटूनपुसून साफ केले होते!

"अहो, तुमचा बैल!" बाबा ओरडले आणि चौकट धरून ओढायला लागले. हिऱ्याला आता चव लागली होती. त्यानं 'श्रीमान'सकट कापड दातांत पकडलं. इकडून बाबा, तिकडून बैल. बाबांचा फेटा सुटून हिऱ्याच्या शिंगात अडकला. मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि ते हसू पाहून कवडूजींचा पारा चढला.

"माह्या बैलाले ओढून काहून राहिले तुम्ही? अन् माह्यं नाव कणकेनं लिहिलं का? नावाची हीच किंमत का तुमच्या घरी?"

असं म्हणून ते परत दमणीत जाऊन बसले. मांडवात पाय ठेवणार नाही, आणि मुलगाही ठेवणार नाही. आत कुसुम मुंडावळ्या बांधून बसली होती. मुहूर्त जवळ येत होता. बाबांनी हिऱ्याच्या शिंगातला फेटा हिसकून घेतला.

"खळ कोणी केली?" त्यांनी विचारलं.

त्याच क्षणी दादा स्टेशनवरून वऱ्हाड घेऊन दारात पोचला. घामानं निथळलेला, डोक्यावर कोणाची तरी ट्रंक. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी दादाकडं बोट केलं.

"दादानं."

सकाळी पाटी माझी होती, अर्ध्या तासात ती दादाची झाली. दादानं चावलेलं कापड पाहिलं. मग माझी बोटं पाहिली, ती अजून खळीनं चिकट होती. त्यानं ट्रंक खाली ठेवली. बाबांनी सगळ्या वऱ्हाडासमोर त्याच्या कानाखाली वाजवली. पंचवीस वर्षांच्या माणसाच्या! त्यानं ट्रंक पुन्हा उचलून आत नेली. कवडूजी मात्र लगेच खाली उतरले. व्याह्यांचा मान राखला गेला होता.

लग्न लागलं. जेवताना मामाजी बाबांना म्हणाले, "कापणारा हुशार आहे, चिकटवणारा कच्चा. हा लहाना देऊन द्या मले." कापणारा कोण ते बाबांना ठाऊक होतं, पण दादावरचा राग उतरला नव्हता; त्यांनी रुकार दिला. मी दादाकडं पाहिलं नाही. वाढपी होऊन मी चार वेळा वरण वाढत फिरलो.

सदरच्या दुकानात पहिल्याच दिवशी मी एक 'क' काढला. मामाजी त्याच्याकडं पाहून म्हणाले, हा आजारी आहे का? त्याच संध्याकाळी मी घरी येऊन दादासमोर उभा राहिलो. काही सांगायची गरज पडली नाही. तो मागावरून उठला, गुडघे वाजले, आणि त्यानं जाड कागद घेऊन अख्खी बाराखडी साच्यासारखी कापून दिली. मी साचा पाटीवर ठेवायचा आणि आत रंग भरायचा. पुढं प्रत्येक नव्या पाटीचा साचा घरून यायचा. "कुसुमच्या सासरचे आहेत ते, खोटं कळलं तं तिले ऐकावं लागीन," एवढंच तो म्हणायचा. अशी मी पस्तीस वर्षं काढली. लोक मला नावाजलेला पेंटर म्हणायचे. दादा मागावर राहिला.

म्हणून त्या दिवशी बेसाच्या लॉनवर मी भाच्याच्या हातातून माईक हिसकावला. घसा फुटेस्तोवर ओरडून सांगितलं, खळ मी केली होती, खोटं मी बोललो होतो, नोकरी त्याची होती! मग टाळ्या वाजल्या. टाळ्या! एक सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, या वयात भावाचा दोष स्वतःवर घेऊन राहिले. केवढं मोठं मन!" मी जितका चिडून नाही म्हणालो, तितकं माझं मन मोठं होत गेलं. शेवटी मला शाल दिली.

संतापाच्या भरात मी घरी येऊन हे सगळं लिहून काढलं आणि दादाकडं गेलो. तो अजूनही कागद कापतो, शेगडीवर त्याची खळ शिजत होती. म्हटलं, माझा कबुलीजबाब मोठ्या अक्षरांत कापून दे, दारावर लावतो, जगाला वाचू दे. दादानं चष्मा लावला आणि सावकाश वाचायला लागला. भांगाचं वाचलं, पान उलटलं. 'मी' म्हटल्याचं वाचलं, पान उलटलं. मग मध्येच थांबला, कागद मागं उलटला आणि एक ओळ पुन्हा वाचली. साठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडताना मी पाहिली.

"गूळ?" तो म्हणाला. "तू खळीत गूळ टाकला होता?"

मी मान डोलावली.

"मी समजत होतो, तू मोरचूद विसरला अन् माह्यावर ढकललं. साठ वर्षं मी तुले लबाड समजत होतो गा," दादा म्हणाला. "तू तं येडा निघाला."

मग त्यानं कात्री घेतली, घोटीव कागद पालथा घातला, आणि शेगडीवरचं खळीचं पातेलं माझ्या हाताला लागणार नाही इतकं दूर सरकवून ठेवलं.