शिडी धरणारी मावशी

मावशी माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही, ती पायांकडे बघायची. मी गोव्यात तुयेच्या कारखान्यात कामाला लागले त्या दिवशी सगळ्या बायका माझं तोंड, माझं मंगळसूत्र, माझी साडी बघत होत्या, आणि ही एक बाई कोपऱ्यात उभी राहून माझ्या चपलांकडे बघत होती. मग जवळ आली आणि म्हणाली, "चप्पल झिजली तुझी. असली चप्पल घालून शिडयेर चढू नको." नाव विचारलं नाही, गाव विचारला नाही. माझं नाव तिला पुढे कितीतरी दिवस माहीत नव्हतं, पण माझ्या उजव्या टाचेला भेग आहे हे माहीत होतं. मला तिची भीती वाटली. खोटं कशाला बोलू, ती भीती शेवटपर्यंत थोडी राहिलीच.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. मागच्या बाजूला गोदाम, त्यात छपरापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर खोक्यांचे गठ्ठे रचलेले. ट्रक आला की आमच्यातली एक शिडीवर चढायची, गठ्ठा ओढून खाली द्यायची, खालच्या झेलायच्या. मावशीचं काम खरं म्हणजे झाडू मारायचं. पण शिडी भिंतीवरून निघाली की हातातला झाडू टाकून ती शिडीच्या पायथ्याशी हजर. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. सगळे तिला शिडीमावशीच म्हणायचे, थोडं चेष्टेनं म्हणायचे.

मी लग्न होऊन पार्सेला आले, माहेर सावंतवाडीकडे. घोव खाणीच्या ट्रकावर होता, खाणी बंद पडल्या आणि ट्रक उभा राहिला तो राहिलाच, म्हणून अंगावर पिणारी पोर सासूकडे ठेवून मी कामाला आले. मी अंगानं हलकी, म्हणून पहिल्याच आठवड्यात मला शिडीवर चढवली. वर गेल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खोकी नाहीत, पोरच दिसत होती, आपण पडलो तर हिला कोण पाजणार एवढंच डोक्यात. पाय लटलट कापत होते आणि शिडी पण माझ्याबरोबर कापत होती. खालून मावशी म्हणाली, "शिडी कापत नाय, तू कापतंस. तुझा झाला की माका सांग, मग खाली ये." तशी मी थांबले, श्वास घेतला, आणि खरंच कापायचं थांबलं.

तिचे कायदे होते. चढायच्या आधी शिडीच्या पायाला अंगठे टेकवून ताठ उभं राहायचं आणि हात सरळ पुढे करायचे, तळवे पायरीला पोचले तर शिडी बरोबर लावलेली, नाहीतर पुन्हा लाव. साडीचा काष्टा मारायचा, पदर खोचायचा. हातात काही घेऊन चढायचं नाही. अगदी वरच्या पायऱ्यांवर उभं राहायचं नाही, त्यांना ती देवाच्या पायऱ्या म्हणायची, माणसाचा पाय तिथे लागता कामा नये. आणि बाजूचा गठ्ठा हाताला येत नसला तर वाकायचं नाही, खाली उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. आम्हाला कंटाळा यायचा. सुलू नावाची एक होती आमच्यात, तोंडाची फटकळ, ती वरून एकदा तशी बाजूला वाकली, तर मावशीनं शिडीला खालून थाप मारली आणि म्हणाली, "बेंबी शिडयेच्या मधी रवाक व्हयी. बेंबी भायर गेली काय तू गेलंस." सुलू हसली, म्हणाली, मावशे, माझी बेंबी माझ्या घोवानं पण इतकी बघितली नसेल. सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. सुलू खाली येईपर्यंत ती पायरीवरच्या तिच्या पायांकडेच बघत राहिली.

अजून एक होतं. वर माणूस असला की मावशी कोणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. सुपरवायझर डिचोलीचा, तसा वाईट नव्हता, पण त्याला हाक मारली की माणूस धावत यायला हवा. तो दारातून ओरडायचा, मावशे, मावशे, आणि ही दगडासारखी. एकदा तर मोठे साहेब येऊन बाजूला उभे राहिले तरी हिची मान हलली नाही. सुपरवायझर नंतर तिच्यावर चिडला, तुझ्या कानात काय बोळे घातलेत काय विचारलं. ती झाडू उचलून गेली.

त्याचं कारण मला कळलं एका दुपारी. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून पावाचे उंडे आणि भाजी खात होतो. मी सहज विचारलं की मावशे, तू आधी कुठे होतीस. ती म्हणाली मुळगावला, खाणीच्या बाजूच्या वर्कशॉपात, ती आणि तिची जाऊ दोघी, रंग मारायच्या कामाला. जाऊ शिडीवर होती, ही खाली शिडी धरून. उंड्याचा तुकडा भाजीत बुडवून तसाच हातात धरून म्हणाली, "कोणी तरी चायेक हाक मारली. मी फकत मान फिरयली." तो तुकडा तिनं खाल्ला नाही. त्या दिवसापासून मी शिडीवर असताना खाली तिचे हात दिसले की मला बरंही वाटायचं आणि तिची जाऊही आठवायची.

मग दसरा आला. दसऱ्याला कारखान्यात मशिनांची पूजा असते, आम्ही सगळ्या नव्या साड्या नेसून गेलो. त्याच आठवड्यात नवी ॲल्युमिनियमची शिडी आणलेली, चकचकीत, ती पण मांडणीला टेकवून पूजेला ठेवली. सुलूनं आणि बाकीच्यांनी तिच्या पायरीपायरीला रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांच्या माळा गुंडाळल्या, प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावलं, खाली समई ठेवली, आणि नारळ तिथेच जमिनीवर फोडला. मावशीला कुंकू नाही, म्हणून तिला पुढे येऊ दिलं नाही, ती दाराशी उभी होती. मी बघितलं, ती देवाकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. समईतलं तेल सांडून वाहत होतं आणि नारळाचं पाणी त्यात मिसळत होतं.

आरती झाली, प्रसाद वाटत होते तेवढ्यात बाहेर ट्रकाचा हॉर्न वाजला. कोणाला तरी माल आजच पाहिजे होता. बायका म्हणाल्या, आज दसरा, आज हत्यार चालवायचं नसतं. सुपरवायझर म्हणाला मशिनं बंदच राहतील, शिडी काय मशीन नव्हे. घटकाभर आधी तिची मशीन म्हणून पूजा केली होती. त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मावशी दारातून सरळ आली आणि माळा ओढून काढायला लागली. फुलं तुटून पडत होती, तिनं आपल्याच पदरानं पायऱ्या पुसल्या, पदर पिवळालाल झाला. देवाच्या अंगावरची माळ अशी कोणी ओढत नाही, ती सुकून आपोआप पडेपर्यंत ठेवतात. सुलू म्हणाली, "कुंकू लावूक मिळाला नाय म्हणून देवाचा वरबाडून काढता." मावशीनं ऐकलं असणार. ती जमीन पुसायला फडका आणायला वळली, आणि सुपरवायझर मधे आला. चेहरा पडलेला होता त्याचा, तो पण घाबरलाच असेल, सणाच्या दिवशी हे असं. म्हणाला, "मावशे, पुरे. तू आज शिडयेकडे येव नको. थय जाऊन झाडू मार."

ती गेली. मी चढले.

मी का चढले असं कोणी विचारलं तर नवीन होते, कायम नव्हते, घोव घरी बसून होता. नवी साडी खळ घातलेली, काष्टा नीट बसत नव्हता. वर पोचले, गठ्ठ्याला हात घातला, ओढला, आणि खालून खरर्र असा आवाज झाला आणि शिडी माझ्या पायाखालून मागे निघाली. मांडणीची कड हातात आली ती धरली, आणि तेवढ्यात शिडी थांबली. कशाला तरी टेकून थांबली.

खालून मावशीचा आवाज आला, रोजचाच आवाज, बाल्दी आण म्हणायची तसा. "फुडे बघ. खाली बघू नको. एकेक पाय ये. घाई नाय."

मी आले. एक पाय, मग दुसरा. प्रत्येक पायाला शिडी थोडी दबत होती आणि खाली बारीक कायतरी करकरत होतं, मला वाटलं नवी शिडी आहे, तिचाच आवाज. मावशी दर पायाला "ये" म्हणत होती. "ये. ये." मी जमिनीवर आले, वळले, आणि मग बघितलं. शिडी घसरत आली तिथे तिनं धावत येऊन आपला पाय आडवा घातला होता. शिडीचा पाय तिच्या अनवाणी पावलावर चढून रुतला होता, आणि मी वरून उतरत होते तो सगळा माझा भार तिथे पडत होता, पायरीपायरीला. तिनं दोन्ही हातांनी शिडी धरलेली, ओठ पांढरे, आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही. शिडी उचलल्यावर ती खाली बसली, आणि तेव्हाच तिच्या घशातून एक आवाज आला. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही.

तिला गाडीत घालून इस्पितळात नेली. बायका बोलायला लागल्या की माळ ओढली म्हणून देवानं पाय घेतला. सुलू ते म्हणाली नाही, हे सांगायला हवं. ती जमिनीवरचं तेल पुसत बसली होती, नव्या साडीतच.

मावशी परत आली नाही. दिवाळीनंतर पोरीला कडेवर घेऊन मी मुळगावला गेले. ती खुर्चीवर बसून होती, पाय पाटावर ठेवलेला, बोटं वाकडी झालेली. मला विचारायचं एकच होतं, ते मी विचारलं, मावशे, तू बोंबललीस का नाहीस. ती म्हणाली, "मी बोंबललंय असतंय तर तू खाली बघितलं असतंस." मग माझ्या पोरीच्या पायांवरून हात फिरवला, तळवे बघितले, आणि म्हणाली, "आता कोण धरता?"

मी म्हटलं, मी.

तिनं मान हलवली. चांगलं केलंस म्हणाली नाही, नको करू पण म्हणाली नाही. निघताना दारापर्यंत आली नाही, येऊ शकत नव्हती.

आता वर एक नवी मुलगी असते, लग्न होऊन वर्ष पण झालं नाही, तिला दिवस गेलेत की काय मला संशय आहे, ती सांगत नाही. मी खाली उभी असते, दोन्ही हात शिडीला. जमीन पुसून घेते, तिची चप्पल बघते, कोणी हाक मारली तर मान फिरवत नाही. ते सगळं मला जमलं. पण एक गोष्ट अशी आहे जी शिकता येत नाही, ती वेळ आल्यावरच कळणार. शिडी जरा जरी हलली की मी जीभ दातांखाली घट्ट दाबून धरते आणि मनात म्हणते, देवा, माझ्या तोंडातून आवाज येऊ देऊ नको.