बेताचं मीठ

सिदहम पहाटेपासून बाजारातल्या भट्टीवर भाकरीचं पीठ मळायचा आणि नऊ वाजता तेच हात धुऊन चर्चच्या आवारात देवाचं पीठ मळायला यायचा. सव्वीस वर्षं हा क्रम चालू होता. इजिप्तमधल्या मल्लावी गावची माणसं त्याला आदराने अम्म, म्हणजे काका, सिदहम म्हणत, आणि हा माणूस सदा देवाच्या सान्निध्यात असतो असंही म्हणत. सान्निध्यात होता हे खरं. सव्वीस वर्षं एकाच कचेरीत काढलेला कारकून साहेबाच्या असतो, तितका.

प्रसादाची भाकर जिथे भाजतात त्या खोलीला 'बेथलेहेम' म्हणत. गोठ्यापेक्षा ती फार मोठी नव्हती. मळताना उपाशीपोटी पहिल्यापासून स्तोत्रं म्हणायची, आणि पिठात मीठ घालायचं नाही. ख्रिस्त स्वतःच मीठ आहे, वरून आणखी कशाला, असं जुनी माणसं सांगत.

मोठ्या उपासातला बुधवार होता. उपासात प्रार्थना दुपारी, एक वाजता. सिदहमचं तोंड नव्वदाव्या स्तोत्रावर होतं आणि मन डाव्या गुडघ्यावर. तेवढ्यात त्याला खिडकीत मिठाचा डबा दिसला. शेजारच्या स्वयंपाकघरातून कोणी तरी ठेवलेला. झाकण उघडं होतं. त्याने उजवा तळहात पाहिला. पांढरा होता, पण पिठानेही तळहात पांढराच होतो.

भट्टीवर मुठीने मीठ टाकायची हाताला सवय. टाकलं का? आठवेना. पीठ पुन्हा मळता आलं असतं. पण तोंडात स्तोत्र, मुठीत मीठ, मग एवढा वेळ तो स्वतः होता कुठे? आणि हे किती वर्षांपासून चाललं होतं?

चाखून पाहायचं, तर प्रसाद घेणाऱ्याने तोवर जिभेला काही लावायचं नाही. आवारात जो तो उपाशी. फाटकावर पहाऱ्याचा हवालदार रिफअत बसला होता.

"रिफअत, एवढं जरा चाखतोस?"

"अम्म, रमजान चालू आहे! तुमच्या पिठापायी माझा रोजा मोडू?"

"थुंकून टाक की."

"थुंकायला आधी तोंडात घ्यावं लागतं ना!"

राहता राहिली उम्म लबीब, आवार झाडणारी म्हातारी. साखरेच्या आजारामुळे तिला उपास करायची मनाई होती, आणि ती जिन्याखाली लोकांकडे पाठ करून चोरासारखी उसळ खात होती. सिदहमने बोटभर पीठ पुढे केलं. तिने ते जिभेवर घोळवलं.

"छान झालंय रे. मीठ अगदी बेताचं."

सिदहम तिथेच पायरीवर बसला.

"तोंड का पाडलंस? वाईट म्हटलं का मी?"

तो अबूना बाखूमकडे गेला. पाद्री खुर्चीत डोळे मिटून होते; या आठवड्यातली ही त्यांची चौथी प्रार्थना. सिदहमने सगळं सांगितलं.

"केव्हापासून असं होतंय?" अबूनांनी डोळे न उघडता विचारलं.

"मीठ आजच पडलं."

"मिठाचं विचारत नाही मी."

सिदहम घुटमळला. "सहा-सात वर्षं असतील, अबूना. तोंड म्हणतं, मी नसतोच तिथे. दुसरा माणूस बघा."

"माझी अकरा झाली." अबूनांनी डोळे उघडले. "माझ्या हाताशी मिठाचा डबा नसतो, म्हणून सापडत नाही इतकंच. जा, दुसरं पीठ घे. लोकांना मी थांबवतो."

"स्तोत्रं पहिल्यापासून म्हणू?"

"येईल ते म्हण. पण तिथे राहा."

खारट पीठ टाकायचा प्रश्न आला नाही. रोजा सोडायला गरम भाकर चालेल, असं रिफअतने फाटकावरूनच ओरडून सांगितलं.

सिदहमने डबा उचलून बाहेर ठेवला आणि दार लावलं. खांदे भरून आले होते. स्तोत्र सुरू करावं तर पहिली ओळ आपोआप जिभेवर आली, म्हणून त्याने ती गिळली. मग परातीकडे बघत हळू म्हणाला, "देवा, हे पीठ. हे पाणी. हे खमीर. मीठ नाही." थोड्या वेळाने, "गुडघा दुखतोय." आणखी थोड्या वेळाने, "वैताग आलाय, देवा." यापलीकडे काही सुचलं नाही. मळून होईपर्यंत त्याने हेच आलटून पालटून सांगितलं, आणि दर वेळी हाताकडे बघून खात्री केली.

बाहेर उपाशी मंडळी तळतळत होती. "बेथलेहेममध्ये पुन्हा बाळंतपण अडलंय वाटतं," कोणी तरी म्हणालं.

प्रार्थना अडीचला सुरू झाली. अबूनांनी भाकरी उलटसुलट करून पाहिल्या, क्रुसाच्या ठशाभोवतीची, ख्रिस्ताच्या जखमांची म्हणून पाडलेली पाच भोकं निरखली आणि एक निवडली. सिदहमने तेवढं पाहिलं, मागच्या खांबाला टेकला आणि शुभवर्तमानाचं वाचन सुरू व्हायच्या आत उभ्या उभ्या झोपला. शेजारच्याने ढोसायला कोपर उचललं, त्याच्याकडे एकवार बघितलं, आणि खाली घेतलं.